शपथपत्र

मी, उत्पला दयाराम खोब्रागडे,
वय सव्वीस, धंदा मेडिकल स्टोअरात नोकरी,
राहणार मानेवाडा, नागपूर,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
हा कॉम्प्युटर बाबांचा आहे.

कोर्टाबाहेरचा टाइपरायटर विकून
त्यांनी हा घरी आणला, तेव्हा मी आठवीत होते.
बारा वर्षं यानं नुसती भांडणं खाल्ली,
भाडेकरूंची, भावकीची, एकदा एका बकरीचं.
आता बाबांचे डोळे अधू झालेत
आणि हा चालू व्हायला चार मिनिटं घेतो.
तेवढ्यात मी भांडी विसळून येते.

माझ्याकडे साडेनऊ हजार आहेत.
दिवाळीचा बोनस,
आणि वर्ध्याच्या लग्नासाठी न घेतलेली साडी.

सीताबर्डीत तिसऱ्या माळ्यावर शाकीरभाऊ
आमचा एसएमपीएस तळहातावर तोलतात,
टरबूज तोलावं तसा.
"साडेचारशे वॅट लिहून हाय, पण वजनच नाही मॅडम.
हे लिहिणाऱ्याला कोर्टात खेचा."
मग कार्ड काढतात, चार जीबी, वापरलेलं,
त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवतात.
माइनिंगमध्ये जाळलेलं तर नाही?
"कसम से. डॉक्टरच्या पोराचं हाय,
नीटची परीक्षा आली, बापानं विकायला लावलं."
आमच्या प्रोसेसरचं नाव ऐकून मात्र
ते थोडा वेळ पंख्याकडे पाहतात.
"पाहा, तर्री तर मी झणझणीत देऊन राहिलो,
पण पोहे तुमचे कालचे हाय."

कालचे तर कालचे.

घरी कार्ड बसेना. हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येत होता.
शेजारच्या प्लंबरकडून हॅक्सॉ ब्लेड आणलं,
दोन बोटं पत्रा कापला. त्यात रविवार गेला.
आत बारा उन्हाळ्यांची धूळ,
कूलरमधून उडालेले वाळ्याचे तंतू,
एक बोटाएवढी वाळलेली पाल.
प्रोसेसरवरची पेस्ट चुन्यासारखी कडक झालेली.
नवी वाटाण्याएवढीच लावायची असते.
मी दिवसभर मलमं विकते, तरी जास्तच लागली.

बाबा दारातून म्हणाले, "माझे कागद?"
आहेत. जुनी डिस्क काढली नाही,
नव्या एसएसडीच्या शेजारी ठेवली आहे.
"हं," ते म्हणाले. मग तिथेच उभे राहिले.

पहिल्यांदा काहीच नाही.
पंखे फिरतात, पडदा काळा.
रॅम काढली, फुंकली, पुन्हा दाबली, खट्.
अकरा सेकंद.
भांडी तशीच राहिली.

मेचा शेवटचा आठवडा. बाहेर शेहेचाळीस.
खेळात बर्फ पडतो आहे,
पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा, तोही शेहेचाळीस.
एक बाई कंदील घेऊन डोंगर चढते आहे.
पूर्वी सगळं कमीवर ठेवून खेळायचे
तेव्हा तिची पावलं उमटत नसत.
माझ्या पायांवर कॅबिनेटची गरम वाफ.

बाबा खुर्ची ओढतात.
"कोणतं गाव हे?"
गाव नाही बाबा, बनवलेलं आहे. खोटं.
"मंग पावलं काहून उमटून राहिली?"
मला उत्तर येत नाही.

तेवढ्यात एमसीबी पडतो.
कूलर आणि कार्ड एका तारेवर नांदत नाहीत.
मी भिंत चाचपत जाऊन खटका वर करते,
मागे वळते तोवर बाबांनी कूलरचं बटण बंद केलेलं.
एका जुन्या दाव्याची पुठ्ठ्याची फाइल घेऊन
ते वारा घालत बसले आहेत,
स्वतःला नाही,
उघड्या कॅबिनेटला.

"लाव लवकर," म्हणतात.
"ती बाई थांबून राहिली असन."