गीतकाराचा रकाना

स्मेदिक, केप हिल. टायरच्या दुकानावरची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, खिडकीला रजई,
आणि चन्नण कौर. वय एकसष्ट, पहिला अल्बम.
माईकपासून वीतभर लांब राहायला तयार नाही:
"पुत्तर, बहिरा आहे का हा?"

चाळीस वर्षं बेकरीच्या रात्रपाळीत
पाव गुंडाळता गुंडाळता गायली ती.
ताल अंगठीचा, डब्याच्या झाकणावर.
तोच डबा आणलाय आज.
ढोलकीवाला दोनदा चुकला,
मग गुपचूप चहा आणायला गेला.

मी वर्ध्याचा. पंजाबी निम्मी कळते.
पण माहेरचा रस्ता विचारणारी ओळ आली
आणि बोट फेडर खाली ओढायचं विसरलं.
आवाज लाल रेघेबाहेर गेला. जाऊ दिला.

तिसऱ्या गाण्यात खोकला आहे,
पिठाचा, जुना.
"कापू?" म्हटलं.
"त्यालाही चाळीस वर्षं झाली," म्हणाली. "राहू दे."

मग फॉर्म. गीतकाराचं नाव.
"आईचं लिही. मावशीचं. बंतीचं,
ती विहिरीवर शिकवायची. आणि तिच्या सासूचं,
खाष्ट होती मेली, पण गळा होता."
रकाना बोटभर.
मी लिहिलं: पारंपरिक.

"काय लिहिलंस?"
"की जुनं आहे."
तिने झाकण डब्यावर दाबून बसवलं.
"गाणं, की मी?"

खाली कुणीतरी टायरात हवा भरत होतं.
तेही आलंय रेकॉर्डिंगवर,
अगदी शेवटी, नीट ऐकलं तर.