पाणमांजर

वारा सुटलेला, बंदर बंद, होड्या दोरखंडाला जखडलेल्या,
माझ्या फळीवर तीन दिवस मासा नाही.
ओल्या पत्र्यावर कोण चढणार, म्हणून एलिसेओही घरात;
हातोडी पुसून पुसून कंटाळला आणि म्हणाला,
"चल, आज प्राणी बघू."

मी म्हटलं, प्राणी?
रोज सकाळी माझ्या पाठीशी, नदीच्या कठड्यावर
सात-आठ समुद्रसिंह लोळत असतात.
मेर्लुसाचं मुंडकं फेकलं की ढेकर देतात,
नाही फेकलं की तुझ्या वडलांसारखे खाकरतात.
त्यांना तिकीट नाही.
"ते प्राणी नव्हेत," तो म्हणाला, "ती तुझी गिऱ्हाइकं."

पाऊस म्हणाल तर वाल्दिव्हियाचा.
इथे तो येत नाही, राहतो;
आपणच त्याच्या घरी भाडेकरू.
छत्री आम्ही नेतच नाही. लोकरीचे पोंचो अंगावर,
दुपारपर्यंत भिजून मेंढीएवढे जड.

टेकडीवरच्या त्या लहानशा प्राणिसंग्रहालयात
तिकीट देणारी पोर गरम सोपाइपिया खात होती.
तेलकट बोटांनी दोन तिकिटं फाडली,
आमच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, काही बोलली नाही.

प्यूमाच्या पिंजऱ्यात एक फळी होती,
फळीवर पाटी होती,
पाटीवर प्यूमा होता.

काँडोर मात्र बाहेर बसलेला,
ओली घोंगडी खुंटीला टांगावी तसा.
डावा पंख अर्धाच. तारेत अडकला होता म्हणे.
एलिसेओ त्याच्यापुढे फार वेळ उभा राहिला.
गेल्या वर्षी शाळेच्या छपरावरून घसरला तेव्हापासून
याचाही डावा हात खांद्याच्या वर जात नाही.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
काँडोरने मान आत घेतली.

पुदू सापडलं नाल्काच्या पानाखाली.
गुडघ्याएवढं हरीण, आणि पान केवढं, जेवणाच्या टेबलाएवढं!
एलिसेओने तसलंच एक पान मोडून माझ्या डोक्यावर धरलं, उजव्या हाताने.
लांबून रखवालदार ओरडला.
पावसात काय ऐकू येतंय,
आम्ही हात हलवून त्याला नमस्कार केला.

आता पाणमांजराचं सांगते.
त्याआधी लिंबाचं सांगायला हवं.
ओतिलियाने, माझ्या नणंदेने, आमच्या लग्नाच्या जेवणात
खिडकी उघडून विचारलं होतं,
"कुणी मासळी विसरून गेलंय का इथे?"
त्या दिवसापासून रोज रात्री अर्धं लिंबू
नखांच्या कडांपर्यंत चोळते मी. साल पांढरी पडेपर्यंत.
माणसांत बसले की हात मांडीखाली.

तर ते पाणमांजर
डबक्यातून निघालं, सरळ जाळीशी आलं,
मागच्या दोन पायांवर उभं राहून
माझ्या हातांपुढे मिशा थरथरवू लागलं.
एलिसेओने हात पुढे केला. त्याने तोंड फिरवलं.
मी चार पावलं चालले. तेही चार पावलं.
मी वळले. तेही वळलं.
तीन दिवस मासा नाही, सहा लिंबांच्या साली झाल्या,
तरी त्याला पत्ता बरोबर सापडला.
दोन्ही तळवे उघडून दाखवले: बाबा, रिकामे आहेत.
ते गेलं नाही.

एलिसेओ हसता हसता खोकला, मग म्हणाला,
"मीही असाच यायचो की. आठवडाभर रोज,
कधी सिएरा, कधी मेर्लुसा, काय देशील ते.
आणि मला तर मासे आवडतही नाहीत.
तुला माहीतच आहे."

मला माहीत नव्हतं.

एकवीस वर्षं!
दर शुक्रवारी मेर्लुसाचा रस्सा, वरून कोथिंबीर,
आणि हा ताट पुसून घेतो पावाने.

परतीच्या बसमध्ये काचा धुरकटल्या होत्या.
तो झोपला, ओल्या लोकरीच्या वासासकट माझ्या खांद्यावर.
माझे हात मांडीवर, उघडे.
पलीकडच्या बाईने नाक वळवलं असेल, नसेल,
मी पाहिलं नाही.
मी हिशेब करत होते: वर्षाचे बावन्न,
बावन्न गुणिले एकवीस...
येत्या शुक्रवारी काय करायचं,
ते अजून ठरलेलं नाही.