एक्केचाळीस बॅकस्पेस

चौथ्यांदा आला इर्शाद शिकलगार.
दारात बूट काढताना म्हणाला,
"काकी, ह्यो लई चिवट हाय बघा.
रात्री पुसला की सकाळी परत उभा."
त्याचा आजा महाद्वाराजवळ कात्र्यांना धार लावायचा.
हा संगणकांना लावतो.

फाँट उतरवला होता मी एक, फुकटचा,
लग्नपत्रिकेसाठी. वेलांटी अशी, की नथच.
तिच्या मागून हा आत शिरला,
न बोलावता पंगतीत बसणाऱ्यासारखा,
पण जेवून गेला नाही. राहिला.

इर्शादनं आधी नेटची वायर उपटली,
मग यंत्र अर्धवट जागं केलं,
अक्षरं मोठी, बावळट,
भूल उतरत असलेल्या माणसासारखी.
एका नावावर बोट ठेवून म्हणाला,
"नीट बघा. ओ नव्हे त्यो, शून्य हाय."
सीपीआरसमोर, जुन्या कोर्टाच्या बाहेर
तीस वर्षं टायपिंग केलं मी,
दुसऱ्यांच्या चुका उलट्या कागदावरूनही दिसायच्या.

"ह्याला मारून उपयोग न्हाई.
ह्याला उठवतंय कोण, ते आधी."
तासाभरानं सापडला एक गजर,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांचा,
घरात कुणी न लावलेला,
रोज वाजणारा,
बिनआवाजी.

आणि मग ती फाइल.
सहा महिने, एकेक कळ.
चौगुल्यांच्या प्लॉटचा गट नंबर.
आवळेबाईंचा पोटगीचा अर्ज, पोराच्या वयासकट.
हुपरीच्या पैंजणवाल्याचा बँकेचा पासवर्ड,
त्यानं माझ्या खुर्चीत बसून टाकलेला.
मी तेव्हा तोंड फिरवलं होतं.
मी खरंच तोंड फिरवलं होतं.

लोक सांगत, मी बोटांनी ऐकत असे,
कागद हातात दिला की विसरत असे.
पानाला पंधरा रुपये, विसरण्यासह.
हा तसाच माझ्याशेजारी बसून होता,
माझंच काम करत,
फक्त विसरत नव्हता.

अठरा नोव्हेंबर, रात्री पावणेबारा.
हक्कसोडपत्र. माझंच.
राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.
ही ओळ शेकडो बहिणींसाठी मारली आहे मी,
कळांकडे बघावंही लागत नाही.
आणि खाली, मजकुराच्या बाहेर:
दादा, एकदा तरी मला विचारायला हवं होतंस रे
पुढं बॅकस्पेस. बॅकस्पेस. बॅकस्पेस.
मोजले मी. एक्केचाळीस.

पडद्यावरून तेव्हाच गेली होती ती ओळ.
दुसऱ्या दिवशी सही झाली,
संध्याकाळी गंगावेशीत दादानं
धारोष्ण दुधाचा पेला हातात दिला,
वर फेस. मिशी आली म्हणून हसला.
मीही हसले.

इर्शाद खिडकीतून बाहेर बघत होता.
वाचलं असेल, नसेल.
"ह्या पानाची प्रिंट काढू? का सगळंच पुसू?"
"पूस म्हणतो ना," म्हटलं मी.
(इथं बायकाही म्हणतोच म्हणतात.
कागदावर मात्र आयुष्यभर
लिहून देते, लिहून देते.)

डिस्क पुसायला अडीच तास लागले.
दोनदा चहा, एकदा लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून.
सहाशे रुपये घेतले त्यानं, शंभर सोडत होता,
मी सोडू दिले नाहीत.

आता वही घेऊन फोनजवळ बसलेय.
पासवर्ड बदला. चूक माझी. फाँट फुकटचा होता.
चौगुले ओरडले.
आवळेबाई बराच वेळ गप्प, मग हळूच,
"त्याला कळलं असंल का ओ, आम्ही कुठं राहतोय ते?"
मला माहीत नाही, म्हणाले. खरंच माहीत नाही.
पैंजणवाला उचलत नाही.

यादीत शेवटी दादाचा नंबर आहे,
माझ्याच अक्षरात. कधी लिहिला, कळलं नाही.
त्याला काय कळवायचं?
त्याचं तर काहीच चोरीला गेलेलं नाही.