वीस टक्क्यांच्या आत

एर्मेलिंदा बाई भांडायला आल्या नाहीत.
पांढरं ताट घेऊन आल्या.
रात्रभर गॅलरीत ठेवलं होतं, तिसऱ्या मजल्यावर, म्हणाल्या,
आणि माझ्यासमोर त्यावरून बोट ओढलं.
बोटामागे पांढरी वाट उमटली.
मी ताट विसळून परत दिलं. दुसरं काय करणार?

मग पालिकेचं पत्र:
खोर्लीच्या या भागात यापुढे दिसेल असा धूर नको,
चवथीपर्यंत मुदत.
खाली सही, सहीवर शिक्का,
आमच्या भट्टीच्या भिंतीहून काळा.

सासरे म्हणाले, गॅस घे.
मग स्वतःच म्हणाले,
गॅसवरचा चणा फुटतो, पण हसत नाही.

पर्वरीच्या दुकानात तीन चुली.
पहिली देखणी, पितळी मुठीची;
तिला पाहुणे हवेत, कढई नको.
दुसरीला पंखा, पंख्याला वीज,
आणि आमची वीज म्हणजे
वारा सुटला की माहेरी निघणारी सून.
तिसरी बुटकी, जाड पोटाची.
ही दोनदा श्वास घेते, दुकानातला पोरगा सांगत होता,
एकदा खालून, जाळासाठी,
एकदा वरून, धुरासाठी;
बाहेर पडायच्या आधीच धूर पुन्हा पेटतो.
म्हणजे धूरही जळण? मी विचारलं.
अर्धं जळण तोच असतो, तो म्हणाला.

बावीस वर्षं.
मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब घातला:
अर्धी लाकडं मी आभाळाला घातली,
बाईंच्या चादरींना,
आणि माझ्या या दोन डोळ्यांना.

ब्लाउजला मॅचिंग बघायला तुकडा न्यावा
तसं काजूचं एक फाटं पिशवीतून नेलं होतं.
पोराने दोन सुयांचं यंत्र त्यात खुपसलं.
चौतीस.
वीस टक्क्यांच्या आत पाणी हवं, म्हणाला,
नाहीतर कुठलीही चूल घ्या, धूरच होणार.
शिगम्यापासून वळचणीला होतं हो ते!
पण हा गोवा.
इथे डब्यातल्या मिठालाही पाझर फुटतो.

चूल निवडायला गेले होते,
लाकूड निवडायला शिकून आले.
चुलीचे हप्ते चोवीस, पतसंस्थेचे.
लाकडाचे हप्ते वेगळे:
हातभर नको, वीतभर तोड;
काजूच्या टरफलांना रजा, त्यांच्यात तेल;
ओली सोडणं माडाच्या मुळाशी.
माळ्यावरची मोडकी पाळणी, ट्रंका, सगळं खाली,
आणि वर थप्प्या, मधे वारा जाईल अशा.
प्रत्येक थप्पीवर मोलू खडूने तारीख लिहितो.
हिला पुढच्या दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही.
चणेकाराच्या घरात
वाळू तापेपर्यंतच थांबायची सवय होती.

चुलीला काच आहे, जाळ दिसतो.
सासऱ्यांना दिसत नाही.
जाळ उतावळा की बसलेला
ते धुराच्या वासावरून सांगायचे, पाठ फिरवूनसुद्धा.
आता नाक वर करून बसतात
आणि दर थोड्या वेळाने विचारतात,
अजून पेटवली नाहीस?
मी त्यांचा तळवा धरून लोखंडाजवळ नेते.
हं, म्हणतात. जरा वेळाने पुन्हा विचारतात.

पहिल्या शुक्रवारी चार वाजता
वाळू तापली, चणे उसळले,
दारात कुणी नाही.
बाजारातून परतणारी माणसं
पाटो ओलांडून सरळ निघून जात होती.
तेव्हा कळलं,
इतकी वर्षं पाटी आम्ही लावलीच नव्हती,
ती कौलांवरून आपोआप वर चढायची.

आणि तिसऱ्या मजल्यावरून हाक,
जयवंती, पेटली गो आज?
पेटल्या, बाय! केन्नाचीच!
तर मग आमकां कळचें कशें?

मी झारा उचलला,
कढईच्या काठावर दोनदा आपटला.