उसनी ऊब

गोंदियाच्या राइस मिलमध्ये दोन पावसाळे काढले मी,
बॉयलरपाशी. धान उकडायचं, उसना तांदूळ करायचा.
भिंती पाझरायच्या, पोत्यांना बुरा यायचा,
पण त्या खोलीत माझे गुडघे
पहिल्यांदाच माझ्याशी नीट वागले.

ढिवराचे गुडघे.
तीस वर्षं बोडीच्या गाळात उभे,
आतून शेवाळलेले.

उसना म्हणजे उकडलेला.
उसना म्हणजे परत द्यायचा, तोही.
मी ती ऊब तिथून उचलून आणली
आणि सांदवाडीत तिच्यासाठी खोली घातली:
कुडाच्या भिंती, माती, शेण, आत एक बाक,
दार इतकं ठेंगणं की मान तुकवूनच शिरावं.
'पाटलालाही वाकावं लागंल,' फगनी म्हणाली, 'आला तर.'
तो आला नाही.

चूल मांडली, वर चुलबंदचे गोटे रचले.
पहिल्याच रात्री एक फुटला, बंदुकीसारखा.
दारावर अजून खूण आहे त्याची.
नदीतला गोटा पोटात पाणी लपवतो,
हे निदान मला तरी कळायला हवं होतं.
मग टेकडीवरचे आणले. काळे, कोरडे, अबोल.

श्रावणात लाकूड पेटत नाही.
म्हणजे पेटतं, पण आधी तासभर रडतं.
काडेपेटी कमरेला, प्लास्टिकमध्ये.
तणस ओली, गोवऱ्या ओल्या,
दार फुगून बसतं, खांदा द्यावा लागतो.
बाकाच्या पायाशी काहीतरी उगवलं होतं,
सात्या समजून फगनीनं खुडलं, हुंगलं, फेकून दिलं.
मग कधीतरी गोटे तापतात.
निरगुडीचा पाला, वर तांब्याभर पाणी,
फस्स.
बाहेर पाऊस, आत पाऊस,
आतला माझ्याच अंगातून येतो, एवढंच.

पोळ्याच्या आदल्या रात्री दार खरवडलं.
कोणीतरी आत येऊन पलीकडच्या टोकाला बसलं.
वाफेत तोंड दिसत नाही,
पण खोकला मी ओळखतो. डोमाजी.
तलावाच्या ठेक्यावरून सात वर्षं अबोला,
त्याच्या दारावरून जाताना मी सायकलची घंटीसुद्धा वाजवत नाही.
बराच वेळ फक्त घाम.
मग तो म्हणाला, 'पानी टाक ना बे.'
मी टाकलं.
'अखीन.'
मी टाकलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बैठकीत
तो उभा राहून माझ्याच विरुद्ध बोलला, खणखणीत.
शनिवारी पुन्हा आला.
येताना बांबूच्या चार कोरड्या चिपा घेऊन.
कुठून आणल्या, मी विचारलं नाही.
त्या हंगामात साऱ्या गावात कोरडं असं काही नव्हतं.

पुसात धुकं बोडीवरून उठून कुडाला टेकतं.
बाहेर आलो की अंगातून वाफ निघते,
परातीत उपसलेल्या धानासारखी.
तसंच पाण्यात उतरायचं, गळ्यापर्यंत,
जाळं न घेता.
मासे पायांना लागून जातात.
त्यांना वाटत असेल, हा आज असा कसा.

वैशाखात पोरं हसतात:
'बाहेरच बस ना गा, सुकरूकाका, फुकट हाय.'
तरी मी पेटवतो, अर्ध्या लाकडावर.
बाहेर पडलं की दुपारची झाव
ओल्या पंचासारखी अंगाला लागते.
हे मी कुणाला पटवत नाही.

बाकीचे दिवस खोली फगनीची.
ती आत मोहफुलं पसरते, बाकावर, जमिनीवर, गोट्यांवरसुद्धा,
आणि मृगानंतरच्या पहिल्या वाफेला
सगळ्या भिंती दारू प्यायल्यासारख्या दरवळतात.
त्या शनिवारी डोमाजी जरा जास्त वेळ बसतो.

नदीचं नाव चुलबंद.
कोणी ठेवलं, कोणत्या उपाशी वर्षी, कोण जाणे.
तिच्या काठावर माझी एक चूल
बारा महिने धुमसते, ओल खाऊन, खोकत.

गुडघे?
दुखतात की.
पण आता त्यांना शनिवार ठाऊक आहे.