वॉरंटीनंतरचे अकरा दिवस

होटगी रोडच्या चढावर गाडी थांबली तेव्हा
ऊन होतं त्रेचाळीस
आणि हप्ते राहिलेले सत्तेचाळीस.
पडद्यावर एक पिवळं चित्र उगवलं :
दातेरी चाक, पोटात उद्गारचिन्ह.
मागे सिमेंटचा बल्कर
आख्ख्या गावाला सांगितल्यासारखा हॉर्न देत राहिला.

सर्व्हिस सेंटरात एसी आहे, फुकटची कॉफी आहे,
आणि काचेपलीकडे माझी गाडी
लिफ्टवर, चारी चाकं लोंबत,
गड्ड्याच्या पाळण्यात अडकल्यासारखी.

"गिअरबॉक्सचा मेंदू गेलाय सर."
पोरीच्या हातात टॅब, खिशावर नाव : भाग्यवंती.
"मेंदू एक लाख सदतीस हजार.
ऑइल वेगळं, मजुरी वेगळी, वर जीएसटी."
मी म्हणालो, उघडून तर बघा,
एखादी तार निघाली असेल.
"उघडत नाही तो. सीलबंद येतो. बदलावाच लागतो."
वॉरंटी?
तिनं टॅब माझ्याकडे फिरवला.
संपून अकरा दिवस.

अकरा दिवसांत माझ्याकडे एक बीमसुद्धा संपत नाही.

याआधी वायरिंग, उंदरानं कुरतडलेलं.
उंदीर वॉरंटीत बसत नाही.
मग क्लच. झिजणारी वस्तू,
तीही बसत नाही.
बसतो फक्त मी,
या गुबगुबीत सोफ्यावर, तिसऱ्यांदा.

कारखान्यात आठ माग आहेत.
वडिलांनी घेतले तेव्हाच सेकंडहँड.
एकाच्या ब्रेकला सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
एकाला चपलेचं चामडं.
बिघडतात. रोज बिघडतात.
पण बिघाड हाताला लागतो.
आमचा जॉबर सायबण्णा
मागांच्या त्या खडखडाटात डोळे मिटून उभा राहायचा
आणि म्हणायचा, "मालक, तीन नंबर खोकायलाय."
पाना, तेल, एक कानडी शिवी.
चालू.

या गाडीला शिवी लागत नाही.

पद्मावती काहीच बोलली नाही.
भाचीच्या लग्नाला रिक्षानं गेली,
आल्यावर पदराची घडी घालत
फक्त भाडं सांगितलं : एकशे ऐंशी.

"आणि तो आवाज?" मी पोरीला विचारलं होतं,
"दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना खट् होतं ते?"
"ते थोडं होणारच सर.
या मॉडेलला असतंच."

हे वाक्य ओळखीचं निघालं.
माझ्याच मागावरचं.
वीस वर्षं लातूरच्या, गुलबर्ग्याच्या, नांदेडच्या व्यापाऱ्यांना
फोनवर हेच विकत आलोय :
पहिल्या धुण्याला रंग थोडा जाणारच,
या मालाला असतंच.
किती दोऱ्यांवर किती बनियनं
गुलाबी होऊन वाळली असतील,
मी कुठं मोजायला गेलो.

सही घेताना ती नावाशी थांबली.
"म्याकल... विडी घरकुलाकडचा टॉवेल कारखाना?
पप्पा होते तुमच्याकडं. सायबण्णा."
हो, हो, मी म्हणालो. कसाय तो?
"ऐकू येत नाही आता फारसं."

कॉफीच्या मशीननं तेवढ्यात वाफ सोडली.
कुणीच काही बोललं नाही.

मग टॅब पालथा ठेवून, हळू आवाजात :
"कंपनीला अर्ज करा सर. गुडविलमध्ये.
अकरा दिवस म्हणजे बघतात कधी कधी.
मी सांगितलं म्हणून सांगू नका."

अर्ज केला. उत्तर नाही.
गाडी ओढून आणून
कारखान्याच्या पत्र्याखाली लावली आहे,
वर आमचीच चादर, दुसऱ्या दर्जाची.

काल रात्री चादर सारून आत बसलो.
बटण दाबलं. पिवळं चित्र आलं.
डोळे मिटून ऐकायला लागलो,
तो ऐकायचा तसं.
भिंतीपलीकडे तीन नंबर खोकत होता,
स्वच्छ ऐकू आलं.
हिच्यातून मात्र
काहीच.