खोलीचा आवाज

मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सहाला,
रॉचेस्टरच्या कॉलेजात, तळघरातल्या एकशे चौदा नंबरात
अरुस्याक बाई येत. दोन्ही हातांत सामान,
म्हणून दार ढोपराने ढकलत.
त्यांना ऑफिस नव्हतं. तासावर पैसे,
तेही सत्र संपल्यावर.
ऑफिस त्यांच्या जुन्या टोयोटाच्या डिकीत होतं:
ट्रायपॉड, फिल्मचे डबे, आमच्या वह्या,
आणि मांजराच्या वाळूची गोणी,
चाकं बर्फात रुतली तर खाली टाकायला.
मांजर नव्हतं.

मी दिवसा नगरपालिकेचा बर्फ उपसणारा ट्रक चालवायचो,
वर्गात बसलो की डोळा लागायचा.
एकदा म्हणाल्या, झोप,
पण कॅमेरा चालू ठेवून झोप.

सव्वीस वर्षांत दोन चित्रपट.
पहिला हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या बायकांवर, पदरमोड करून.
दुसरा फिल्मच्या कारखान्यावर.
तो पाडला त्या सकाळी लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते बघायला,
आणि बाईंनी कॅमेरा खुर्च्यांकडे वळवला.
बफेलोत खेळ लागला तेव्हा अकरा प्रेक्षक,
त्यातला एक नुसता उबेसाठी आत शिरलेला.
त्याचं मत त्या अजून सांगतात:
"मधे कुणी फार बोलत नाही. बरं वाटलं."

तिसरा म्हणजे भिजत घोंगडं.
ग्युम्रीचा. भूकंपानंतर पत्र्याच्या डब्यात
दोन वर्षांपुरती म्हणून राहायला गेलेली त्यांची आई
एकवीस वर्षं तिथेच होती.
अनुदानवाल्यांची पत्रं यायची: यंदाचे अर्ज फारच दर्जेदार होते.
बाई ती आम्हाला वाचून दाखवत.
"बघा, नकाराचं संपादन किती स्वच्छ असतं.
एक शब्द काढता येणार नाही."

एक गोष्ट मात्र त्यांनी घोटून घेतली.
शूटिंग संपलं की कुणी हलायचं नाही.
तीस सेकंद. खोलीचा आवाज घ्यायचा.
रिकाम्या खोल्याही एकसारख्या गप्प नसतात,
एकीची शांतता दुसरीला जोडली
की सांधा ऐकू येतो.
आम्ही शिकाऊ. विसाव्या सेकंदाला
योमाराला हसू फुटायचं,
नाहीतर माझं पोट गुरगुरायचं,
सरळ कामावरून यायचो ना मी.
की परत पहिल्यापासून.

मार्चमधल्या एका गुरुवारी बाईंनी कोट काढला नाही.
स्पीकर लावला.
काय आहे ते सांगितलं नाही, म्हणाल्या,
ऐकू येतं ते लिहा.
योमाराने लिहिलं, फ्रिज.
टीकाराम नेपाळच्या छावणीत वाढलेला,
त्याने लिहिलं, पत्र्यावर टपटप,
पण पाऊस नव्हे, वितळतं बर्फ.
बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.
मी लिहिलं, काही नाही.

मग त्या म्हणाल्या, आता कुणी हलू नका,
आणि माईक आमच्याकडे वळवला.
एका दमात झालं नाहीच. माझ्यामुळे.
बाई पहिल्यांदाच म्हणाल्या, असू दे.

सहा वर्षांनी तिसरा चित्रपट आला.
वाचनालयाच्या सभागृहात, चाळीसेक माणसं.
शेवटाजवळ पडदा काळा होतो.
फ्रिज. टपटप.
त्या आठवड्यात बाईंचे कागद कुठल्यातरी टेबलावर अडकले होते,
माती द्यायला जाता आलं नाही.
सगळे कब्रस्तानात गेले असताना
मावसबहीण सातेनिकने
त्या डब्यात फोन ठेवला होता, तीस सेकंद.
हे मला श्रेयनामावलीवरून कळलं,
आणि थोडं टीकारामकडून.

पण त्याआधी, काळ्या पडद्यावरच,
शांतता बदलते.
सांधा स्वच्छ ऐकू येतो, बाईंनी तो लपवलेला नाही.
तळघराचा हीटर, खुर्चीची कुरकुर,
बाहेर दूर कुणीतरी बर्फ खरवडतंय,
आणि विसाव्या सेकंदाला, सभागृहभर,
चांगलं मोठ्याने,
माझं पोट.